वरचं म्हणजे कुठलं?

झोत शेडकडे झुकला. तो रस्त्याकडे झुकायला हवा होता. मी व्हॉल्व्ह बंद केला, झोत सरळ झाला. पुन्हा उघडला, पुन्हा शेडकडेच. झोत किती आणि कुठे वळतोय ते दाखवणाऱ्या मीटरवर आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह दिसत होतं. माझ्या मागे साठे साहेब उभे होते. ते आमच्या डिव्हिजनचे हेड, आणि हेच बघायला पुण्याहून आले होते.

"वानखडे, हे उलटं वळतंय," ते म्हणाले.

"बघते सर," मी म्हटलं. काय बघणार होते, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

आम्ही काय करत होतो ते आधी सांगते. रॉकेट वळवायचं तर त्याच्या शेपटीतून निघणारा झोत वाकवावा लागतो. तो ज्या भोंग्यातून निघतो त्याला नॉझल म्हणतात. आत एक अरुंद गळा, मग रुंद होत जाणारं तोंड. नेहमीची पद्धत अशी की, अख्खं नॉझलच जॅक लावून इकडेतिकडे फिरवायचं. त्यात बिजागऱ्या आल्या, सील आले, तेल आलं, आणि यातलं काहीही ऐन वेळी अडकू शकतं. माझ्या पद्धतीत नॉझल जागचं हलतच नाही. त्याच्या भिंतीला एक बारीक छिद्र पाडायचं आणि त्यातून थोडी हवा आत सोडायची. वेगाने जाणाऱ्या झोताला ती हवा आडवी येते, आणि झोत समोरच्या बाजूला सरकतो. एक व्हॉल्व्ह सोडला तर हलणारं काहीच नाही.

कागदावर हे सगळं छान जमत होतं. पण आमच्याकडे जॅकवाली टीम जोरात होती आणि साहेबांना दोघांपैकी एकालाच ठेवायचं होतं. माझं जमलं नाही तर प्रोजेक्ट बंद आणि मी स्टोअर्समध्ये. म्हणजे नटबोल्ट मोजता मोजता रिटायर व्हायचं. साहेबांनी हे मला चहा पिता पिता, अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

चाचणीला आग लागत नाही, नुसती दाबाची हवा पुरते. पण आमचा मोठा कंप्रेसर जॅकवाल्यांनी अडवून ठेवलेला. तेव्हा मला बोअरच्या गाड्या आठवल्या. मी मूळची उमरखेडची. कापसाचे ते वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्यात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग बंद पडत होत्या आणि पाण्यासाठी रस्त्यारस्त्यावर बोअरच्या गाड्या फिरत होत्या. त्या गाडीवरचा कंप्रेसर म्हणजे राक्षस असतो. माझ्या मोठ्या भावाचे दोस्त रशीदभाई यांची अशी गाडी होती. राळेगाव रोडवरच्या एका बंद जिनिंगचं आवार त्यांनीच मिळवून दिलं. झोत कोणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून नॉझल तोंड वर करून स्टँडवर उभं केलं. गाडीच्या हवेत ओल असते. बाहेर पडताच तिचं पांढरं धुकं व्हायचं, त्यामुळे झोत डोळ्यांनी दिसायचा. छिद्र शेडच्या बाजूला होतं. म्हणजे धुकं रस्त्याकडे झुकलं पाहिजे.

आणि ते शेडकडे झुकत होतं.

पहिला संशय मीटरवर. तारा उलट्या लागल्या असतील म्हणून मीटर जोडलेला स्टँड हाताने ढकलून पाहिला. मीटर बरोबर होता. मग वाऱ्यावर संशय. आवारात पडलेली रुई मूठभर उचलून सोडली, ती सरळ माझ्याच पायावर पडली. मग पाइपातलं पाणी काढून टाकलं आणि पुन्हा चालू केलं. पुन्हा वजा. ऊन डोक्यावर आलं होतं. आता संशय घ्यायला एकच जागा उरली होती, माझं गणित.

त्यात जिनिंगच्या ऑफिसातला फोन सारखा वाजत होता. मुकुटबनकडच्या एका गावात रशीदभाईंनी त्याच दिवसाचा बोअर कबूल केला होता. तिथले लोक विचारत होते, गाडी निघाली का. रशीदभाई प्रत्येक वेळी फोनवर बोलून यायचे आणि माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघायचे.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "आवरा आता. उलटं तर उलटं, रिपोर्ट लिहून टाकू."

उलटं वळणारं रॉकेट म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. डावीकडे सांगावं आणि ते उजवीकडे जावं. त्या रिपोर्टखाली माझी सही झाली असती की संपलंच. मला अक्षरशः रडू येत होतं, पण आवारात पाच-सहा पुरुष उभे होते, म्हणून नॉझलकडे वळले.

"सर, एकदा उघडून बघू द्या. फक्त एकदा," मी म्हटलं.

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मी तो होकार समजले.

भिंतीला छिद्रं खरं तर दोन होती. एक गळ्याजवळ, एक तोंडाजवळ. दोन्हींवर बाहेरून एकच पोकळ पट्टा, त्यात हवा सोडायची. जे छिद्र नको त्याला पट्ट्याखाली बूच. पट्टा चढवला की कुठलं बंद आणि कुठलं चालू ते बाहेरून दिसत नाही. मला तोंडाजवळचं चालू हवं होतं. आदल्या दिवशी नॉझल गाडीत पोत्यावर आडवं पडलेलं असताना मी रशीदभाईंना तसं सांगितलं होतं आणि स्टँडच्या मागे लागले होते.

रशीदभाईंनी पाना लावला, पट्टा उतरवला. तोंडाजवळच्या छिद्रात बूच घट्ट बसलेलं. गळ्याजवळचं सताड उघडं.

"रशीदभाई, मी वरचं चालू ठेवा म्हटलं होतं ना?"

"हो ताई. वरचंच चालू हाये." त्यांनी गळ्याजवळच्या छिद्रावर बोट ठेवलं. "खालचं बंद केलं. तुम्ही म्हनलं तसंच तं केलं."

"हे वरचं?"

"मंग? हवा जिकून येते ते वरचं."

मग माझ्या लक्षात आलं. बोअरच्या धंद्यात कंप्रेसर जमिनीवर, दगड फोडणारा हॅमर खाली खोल. हवा कायम वरून खाली जाते. त्यामुळे पाइप गाडीवर आडवा पडलेला असो की भिंतीला टेकवलेला, कंप्रेसरकडचं टोक ते वरचं. माझ्या डोक्यात उभं नॉझल होतं, आभाळाकडे तोंड केलेलं. माझं वरचं ते त्यांचं खालचं. शब्द एकच, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

पण जिवात जीव यायला अजून वेळ होता. छिद्र चुकलं म्हणून झोत कमी वळेल, हे समजू शकतं. तो उलटा का वळावा? साहेबांनी नेमकं तेच विचारलं. मी सरकीच्या रिकाम्या पोत्यावर बसले आणि कॅल्क्युलेटर काढला. गळ्याजवळचं छिद्र गणितात घातलं. दोनदा आकडा चुकला. तिसऱ्यांदा उत्तर आलं, आणि ते वजा होतं.

कारण साधं आहे. आडव्या हवेमुळे झोतात एक धक्क्याची रेघ उठते. छिद्र तोंडाजवळ असेल तर ती रेघ तशीच बाहेर निघून जाते. छिद्र गळ्याजवळ असेल तर ती समोरच्या भिंतीवर आपटते आणि झोत परत इकडेच ढकलला जातो. म्हणजे सकाळपासून नॉझल माझ्या गणिताप्रमाणेच वागत होतं. फक्त मी विचारलेला प्रश्न वेगळा होता.

कागद साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"लावा परत," ते म्हणाले.

फोन पुन्हा वाजला. रशीदभाई आत गेले. आता हे येऊन गाडी काढणार, अशी माझी खात्री झाली. ते बाहेर आले आणि सरळ पाना उचलला. "सांगून आलो, घंटाभर उशीर होते म्हून. पन आता बोट ठेवून दाखवा, ताई. वरचं-खालचं बोलू नोका."

मी बोट ठेवलं. त्यांनी बूच काढलं, हवा गळू नये म्हणून त्याला सूत गुंडाळून सफेदा लावला, गळ्याकडच्या छिद्रात बसवलं, पट्टा चढवला. कंप्रेसर धडधडायला लागला. झोत सरळ वर उठला. मी व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि खरं सांगते, उघडवेना. साहेब मागून म्हणाले, "उघडा हो." मी डोळे मिटून उघडला.

डोळे उघडले तेव्हा पांढरं धुकं रस्त्याकडे कललं होतं. सायकलवरून जाणारा एक माणूस पाय टेकवून बघत उभा होता. मीटरवर वजाचं चिन्ह नव्हतं.

रशीदभाईंनी तेवढ्यात पाइप सोडवायला घेतलासुद्धा. गाडी मुकुटबनच्या रस्त्याला लागली. मी साधे आभार मानायचेही विसरले. ते दुसऱ्या दिवशी फोनवर मानले. तिकडे पाणी लागलं का विचारलं. "लागलं, पन थोडं," ते म्हणाले.

प्रोजेक्ट राहिलं. मी स्टोअर्समध्ये गेले नाही. साहेबांनी रिपोर्टमध्ये उलट्या वळण्याचा भाग सगळ्यात आधी टाकायला लावला. छिद्र गळ्याच्या किती जवळ असलं की घात होतो, हे आम्हाला त्या सकाळीच कळलं होतं, आणि मुद्दाम शोधायला गेलो असतो तर कोणी परवानगी दिली नसती. त्यानंतर आमच्या प्रत्येक नॉझलवर गळ्याकडे लाल ठिपका आणि तोंडाकडे पिवळा. वर, खाली हे शब्द वर्कशॉपमध्ये मी बंदच करून टाकले.

घरी मात्र ते जमलेलं नाही. परवा नवरा म्हणाला, वरचा डबा दे. मी विचारलं, छताकडचा की ओट्याकडचा? त्याने उठून स्वतःच घेतला.