दंडपाणीची खबर

कुंतला मराठी शिकली ती चिमणाबाईंच्या नळावर, त्यामुळं तिच्या मराठीला सुरुवातीपासूनच धार होती. लग्न होऊन ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातनं ती शिरोलीत आली तेव्हा तिला 'पाणी' एवढा एकच शब्द कळायचा. सहा महिन्यांत ती "बादली सरकीव की, का मुहूर्त काढायचा हाय?" असं ठणकावून म्हणाली आणि रांगेतल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. चिमणाबाई तिची घरमालकीण. हमरस्त्याच्या अलीकडं त्यांच्या आठ खोल्या, सगळ्यांत फौंड्रीतली बिऱ्हाडं. "माझी लेक सासरी गेली आन् अंबाबाईनं ही ओडिशाहून धाडली," असं त्या देवळात ओळखीच्या बायकांना सांगायच्या.

कुंतलाचा नवरा दंडपाणी फौंड्रीत मोल्डर. दिवसभर काळ्या वाळूचे साचे भरायचे, संध्याकाळी नाका-कानातनं ती वाळू काढायची. माणूस दिसायला काडीसारखा, आवाज मात्र देवानं सढळ हातानं दिलेला. गावाकडं पोथीघरात तो लहानपणापासून पोथी वाचायचा. साधं "मीठ संपलंय" म्हणाला तरी ऐकणाऱ्याला वाटावं, पुढं काहीतरी ऐकण्यासारखं येणार.

त्याची खबर सुरू झाली करोनाच्या साली. गावी जाणाऱ्या रेल्वेसाठी नावं लिहून घ्यायची होती. रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली पुकारा चालला होता, पण तो मराठीत. ओडिया माणसांना एवढंच कळलं की सरकार काहीतरी ओरडतंय. ती दारं लावून बसली, काही तर मुलंबाळं घेऊन हमरस्त्यानं चालत निघाली. कुंतलानं पुकारा ऐकला, नवऱ्याला समजावून सांगितला, आणि दंडपाणीनं तो आपल्या भाषेत, पोथीच्या संथ लयीत, मोबाईलवर बोलून ओळखीच्या दहाजणांना पाठवला. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ऑफिसच्या दारात तीनशे माणसं आधार कार्ड छातीशी धरून शिस्तीत उभी होती. साहेब चक्रावला. "ही सगळी आली कुठनं?" म्हणाला. कुठनं येणार? इथंच होती.

तेव्हापासनं रोज संध्याकाळी पहिली पाळी सुटली की खबर निघायची. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिथं जिथं ओडिया माणूस भट्टीपाशी उभा होता तिथं ती जायची. परगावचं रेशन इथं कसं घ्यायचं, लशीचं शिबिर कुठल्या शाळेत, वीज कधी जाणार. तालुक्याच्या ऑफिसातनं तेजस्वी मॅडम कागद पाठवायच्या. कुंतलाला शाळेतल्या हिंदीमुळं अक्षरं येत होती. ती कागद वाचायची, ओडियात सोपा करून वहीत लिहायची आणि दंडपाणी बोलायचा. शब्द तिचे, आवाज त्याचा. उलटंही चालायचं. संडासाचं दार मोडलंय, पोराला शाळा घेत नाही, असं माणसं दंडपाणीला बोलून पाठवायची आणि कुंतला ते मराठीत लिहून मॅडमना द्यायची. हजार-बाराशे माणसांचं सरकारशी बोलणं त्या दहा बाय दहाच्या खोलीतनं व्हायचं.

मार्चमध्ये एका सकाळी पाळीला निघताना दंडपाणी चपला घालायला उंबऱ्यावर बसला आणि तिथंच कलंडला. चिमणाबाईंचा दीर ज्ञानू गाडी घेऊन आला तोवर सगळं आटपलं होतं. त्याच पाळीतल्या नऊजणांनी त्याला पंचगंगेवर नेलं.

तिसऱ्या दिवशी तेजस्वी मॅडमचा कागद आला. उद्या लहान मुलांना डोस. मॅडमना काही माहीत नव्हतं. कुंतलानं कागद वाचला, वहीत लिहिला, मोबाईल हातात घेतला. जुन्या खबरीतनं दंडपाणीची सुरुवात काढली, "जय जगन्नाथ, भावांनो, जरा कान द्या", ती पुढं जोडली आणि मागनं स्वतः म्हणाली, "दंडपाणी गावी गेलेत, म्हणून आजची खबर मी सांगते." असं का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. तोंडातनं तेच आलं. दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणावं लागलं, तिसऱ्या दिवशी काही म्हणायची गरजच उरली नाही. ज्या नऊजणांनी खांदा दिला होता त्यांतले निम्मे चैत्रात व्रताला आणि लग्नकार्याला गावी गेले. उरलेल्यांना वाटलं, हे सगळ्यांना ठाऊकच असणार. फौंड्रीतनं दमून आलेला माणूस दुसऱ्याच्या घरी कोण गेलं याची दवंडी कशाला पिटेल?

"असं किती दिस झाकून ठेवणार हाईस?" चिमणाबाईंनी एकदा विचारलं.

"बघू, मावशी."

"रडली बी न्हाईस गं तू. रडावं मानसानं."

"येत न्हाई."

खोटं नव्हतं ते. आत काही हलतच नव्हतं. भूक लागली की जेवायची, झोप आली की झोपायची. चिमणाबाईंनी तिला शुक्रवारी अंबाबाईला नेलं. दीड तास रांगेत उभी राहून कुंतला देवीसमोर पोचली, हात जोडले, पण मागायला काही सुचेना. मागची बाई ढकलायला लागली तशी ती पुढं सरकली. अशा वेळी देव माणसाचं न मागितलेलंही ऐकतो म्हणतात. तिनं तेवढाही विचार केला नाही. बाहेर येऊन चिमणाबाईंच्या चपला शोधून दिल्या.

आषाढातल्या एका गुरुवारी सकाळी साडेआठला मॅडमचा कागद आला, आणि मागोमाग फोनही. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले होते, पंचगंगा बेचाळीस फुटांच्या वर गेली होती. नदीकडच्या मळ्यातल्या खोल्या दुपारी तीनच्या आत रिकाम्या करायच्या. त्यानंतर मळ्याचा रस्ता पाण्याखाली जाणार. सोय शाळेत, वरच्या मजल्यावर. मळ्यात एकसष्ट बिऱ्हाडं, जवळजवळ सगळी गंजामची.

कुंतलानं नऊच्या आत खबर पाठवली. चिमणाबाईंनी ज्ञानूला ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन पिटाळलं. साडेदहाला ज्ञानू परत आला तो रिकामी ट्रॉली घेऊन.

"का रं? गावजेवन सोडून आल्यागत तोंड केलंयस ते?" चिमणाबाईंनी विचारलं.

"कोन निघंना, वैनी. समदी चहा पीत बसल्यात." मग कुंतलाकडं बघून तो अडखळला. "तुझा नवरा नगं म्हनतोय म्हनं."

"ज्ञानू! जीभ आवर."

"आता मी काय करू? मोबाईलवर ऐकलं की. त्योच आवाज. मला काय भाषा कळती? पर आवाज त्योच. माझ्या अंगावर काटा आला."

कुंतलानं मोबाईल उघडला. कुणीतरी कुणालातरी, त्यानं आणखी कुणाला, असं करत ती खबर सगळीकडं फिरली होती. दंडपाणी म्हणत होता, "भावांनो, घाबरू नका. आज सकाळपासून पाणी उतरतंय. खोली सोडू नका, सामान हलवू नका. मी इथंच आहे, काही झालं तर मी सांगेन."

ती मागच्या पावसाळ्यातली खबर होती. तेव्हा पाणी एकेचाळीसवर थांबून मागं फिरलं होतं. खबरीत तारीख नव्हती. रोजच्या रोज निघणाऱ्या खबरीत तारीख घालायचं कुणाला सुचणार? 'खोली सोडू नका' हे शब्द कुंतलानंच वहीत लिहून दिले होते. 'मी इथंच आहे' तेवढं त्यानं आपल्या मनानं घातलं होतं.

तिनं लगेच दुसरी खबर पाठवली. ही जुनी आहे, मागच्या वर्षाची आहे, हिच्यावर जाऊ नका. उत्तरं पटापट आली. ओडिया माणूस वहिनीला भाउज म्हणतो.

"भाउज, भाई गावाहून परत आला आणि तू सांगितलं नाहीस?"

"घरात एक म्हणतो थांबा, एक म्हणते पळा. आधी तुमचं दोघांचं मिटवा."

"जुनी असली तर भाईनं स्वतः सांगावं. मग निघतो."

बनमाली मामू म्हणून एक म्हातारा होता, मळ्यातल्या सगळ्यांचा वडीलधारा. तो एवढंच बोलला, "त्याचा आवाज मी ओळखतो. तो थांबा म्हणाला, आम्ही थांबलो."

पावणेबाराला तेजस्वी मॅडमचा फोन आला. "ताई, अजून एक माणूस शाळेत आलेलं नाही. साहेब विचारतायत, पोलीस पाठवायचे का?"

"पोलीस नको, मॅडम. पोलीस दिसले की ही माणसं पळत्यात, आणि पळायला त्यांना नदीचीच बाजू हाय."

"मग दंडपाणींना सांगा ना. गावी असले म्हणून काय झालं? दोन मिनिटं बोलून पाठवू देत. त्यांचं सगळे ऐकतात."

"न्हाई जमायचं."

"का?"

 पलीकडनं वायरलेसची खरखर ऐकू येत होती. कुणीतरी आकडा सांगितला, बेचाळीस फूट नऊ इंच.

"पाच मिनिटं द्या, मॅडम," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं वही घेतली नाही. चिमणाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना काय चाललंय ते कळलं आणि त्या आत येऊन तिच्याशेजारी खाली बसल्या. कुंतलानं बटण दाबलं. या खेपेला आधी कुणाचा आवाज नव्हता.

"मी कुंतला बोलतेय. दंडपाणी मार्चच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी सहा वाजता वारले. पंचगंगेवर त्यांना दहन दिलं. ते गावी गेले म्हणून मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. जो आवाज तुम्ही ऐकताय तो मागच्या वर्षीचा आहे. ते आता थांबा म्हणत नाहीत, जा पण म्हणत नाहीत. मी म्हणतेय. पाणी येतंय. कागद घ्या, मुलं घ्या, भांडी राहू द्या. ट्रॅक्टर येतोय. शाळेत वरच्या मजल्यावर या."

एक मिनिटही लागलं नाही. चार महिने जे तोंडातनं निघत नव्हतं ते निघालं आणि तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही.  चिमणाबाई मात्र पदर तोंडात कोंबून रडत होत्या. शब्द कळला नव्हता, पण नाव कळलं होतं.

"ज्ञानू भाऊजींना परत जायला सांगा, मावशी."

 मग एकानं विचारलं, "खरं?" खांदेकऱ्यांपैकी एकजण आता गोकुळ शिरगावात कामाला होता, त्याचा आवाज आला. "खरं. मी होतो." त्यानंतर मोबाईल वाजायचा थांबलाच नाही, पण कुंतलानं तो पिशवीत टाकला आणि शाळेकडं निघाली.

पहिली ट्रॉली एक वाजता आली. ज्ञानूनं तीनच्या आत सहा खेपा मारल्या; शेवटच्या खेपेला निम्मं चाक पाण्यात होतं. बनमाली मामू पहिल्याच ट्रॉलीत होता, पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन. जिन्यात त्यानं कुंतलाला गाठलं.

"माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका वैशाखात तुझ्या हातात दिली मी. त्याच्या नावाची."

"हो."

"तू घेतलीस."

"घेतली."

"गावी मंडपात त्याची वाट बघितली मी. माझ्यावर रुसला असं समजलो."  त्यानं तिला शिवी दिली नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही. पेटी उचलून वर्गाच्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

बायकांनी कुंतलाला मधे बसवलं आणि सूर धरला. आजच कुणी गेल्यासारख्या त्या रडत होत्या. त्यांच्यापुरता तो आजच गेला होता. एकीनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. तिच्या ओल्या लुगड्याला रॉकेलचा वास येत होता. कुंतला तशीच राहिली, आणि त्या खांद्यावरनं तिला दारात यादी घेऊन उभ्या असलेल्या तेजस्वी मॅडम दिसल्या.

मॅडमचे डोळे लाल होते. "ताई, मला काहीच माहीत नव्हतं हो. मी आपली रोज कागद पाठवत राहिले..."

"किती आले?"

"अठ्ठावन्न बिऱ्हाडं. तीन नाहीत. आणि पलीकडच्या शेडमध्येही काही माणसं असतील, त्यांची नावंच आमच्याकडं नाहीत. बोट आली आहे. उजेड आहे तोवर दोन फेऱ्या होतील. पण कुठं पाठवू?"

कुंतलानं पिशवीतनं मोबाईल काढला. दोनशे चौदा आवाज येऊन पडले होते. सगळे दंडपाणीसाठी. पण तिच्याकडची माणसं अशी बोलत नाहीत की आधी अडचण सांगावी. आधी गेलेल्याचं बोलतील, तो किती चांगला होता ते बोलतील, आणि मग जाता जाता आपलं. अडकलेल्यांचा आवाजही यातच कुठंतरी असणार; एकही वगळून चालणार नव्हतं.

ती वर्गाच्या खिडकीशी बसली, मॅडमकडनं पेन मागून घेतलं आणि पहिला आवाज लावला. तो रडत होता, नुसताच. दुसरा कागलचा. तिसऱ्यानं दंडपाणीनं त्याच्या मुलाला शाळेत कसं घालून दिलं ते सगळं सांगितलं, फळ्याच्या रंगासकट. चिमणाबाईंनी चहाचा कप शेजारी आणून ठेवला, "गार हुईल," म्हणाल्या. सतराव्या आवाजात एक तरुण माणूस सांगत होता, भाईनं मला पोरासारखं वागवलं, त्याच्यासारखा माणूस होणार नाही, भाउज, तू एकटी आहेस असं समजू नकोस, आणि आम्ही चौघं वीटभट्टीमागच्या शेडवर चढलोय, पाणी खिडकीला लागलंय.

कुंतलानं तो परत एकदा ऐकला. कागदावर लिहिलं: वीटभट्टीमागची शेड, चौघं, पत्र्यावर. कागद मॅडमच्या हातात दिला. मॅडम जिन्याकडं धावल्या.

तिनं अठरावा लावला.