कोंबडी वस्ताद

माझ्या वडिलांना मी कोंबडी केलं. तेही मोठ्या पडद्यावर, तुऱ्या-पिसांसकट. हे ऐकून कुणी "अगं बाई!" म्हणेल, तर खुशाल म्हणू दे. मी जाणूनबुजून केलं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण सिनेमा लातूरला लागला त्या आठवड्यात माझी काय गत झाली होती, ते माझं मलाच ठाऊक.

आमचं गाव चाकूरजवळ. माझे वडील, आमचे अण्णा, गावच्या तालमीचे वस्ताद. शेती आहे, पण जीव सगळा तालमीतल्या लाल मातीत. माणूस असा तापट की नाकावर माशी बसू देणार नाही. मीही तसलीच, खाण तशी माती. पोरींनी तालमीत पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा कायदा. का, म्हणून विचारलं तर "न्हाई म्हंजे न्हाई." मग मी मागच्या खिडकीचे गज धरून उभी राहायची आणि घरी येऊन कोळशानं भिंत रंगवायची. झोंबलेले पैलवान, उताणे पडलेले पैलवान, आणि त्यांच्यामधून फिरणारे अण्णा. एक हात पाठीशी, मान पुढं-मागं, पावलं उचलून उचलून टाकत. आई भिंत पुसायची, मी पुन्हा काढायची.

अण्णांच्या तालमीत एक रीत होती. ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. कुस्ती मारली की जिंकलेल्यानं आधी हरलेल्याला हात देऊन उठवायचं, त्याच्या पाठीची माती आपल्या हातानं झाडायची, आणि मगच आपला हात वर करायचा. "पाठीला माती घेऊन पोरगं घरी गेलं, तर उद्या तालमीत येत न्हाई," असं अण्णा म्हणायचे. जो झाडायला विसरला, त्याच्या पोटरीवर निरगुडीची फोक बसायची. शेजारच्या गावांचे वस्ताद या रीतीला हसायचे. अण्णांनी त्यांना जत्रेत, लग्नात, मयतीत, सगळीकडं समजावून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

पुढं चित्रं काढता काढता मी हैदराबादला कार्टून सिनेमे बनवणाऱ्या एका स्टुडिओत लागले. गावात कुणी विचारलं तर अण्णा म्हणायचे, "हाय तिकडं, बाहुल्या हलवती." मला लई राग यायचा.

मग हा सिनेमा आला. घरच्या लहानथोरांनी मिळून बघायचा, कुस्ती-कराट्यांचा आणि हसून लोळायचा. एक ढेरपोट्या बेडूक, त्याला पैलवान व्हायचंय आणि सगळं तळं त्याला हसतंय. त्याची गुरू एक म्हातारी, तिरसट कोंबडी. मारामाऱ्या आणि कोंबडीची चाल माझ्या वाट्याला आली. कोंबडी कशी चालवायची, याचा मला विचारच करावा लागला नाही. एक पंख पाठीशी, मान पुढं-मागं, पावलं उचलून उचलून. चोचीत निरगुडीची फोक. मध्येच पायानं माती मागं उडवायची लकब तेवढी मी पदरची घातली. आणि शेवटी बेडकानं सगळ्या तळ्याला धाकात ठेवणाऱ्या बोक्याला धोबीपछाड मारल्यावर मी त्याला बोक्याची पाठ झाडायला लावली.

आमचे दिग्दर्शक म्हणाले, हे कापा, इथं लोक टाळ्या पिटत असतील, पाठ कसली झाडत बसलाय? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, पाठ झाडल्याशिवाय कुस्ती संपतच नाही, कापायचंच असेल तर आधी मला कापा. मग मी अबोला धरला. ते कंटाळले आणि शॉट राहिला.

सिनेमा लातूरला लागला तेव्हा मी सुट्टी काढून गावी आले. अण्णा सगळी तालीम जीपमध्ये कोंबून निघाले. लेकीचं काम बघायला म्हणून नवा फेटा बांधला होता. तो फेटा बघितला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसाची सगळी इज्जत 'वस्ताद' या एका शब्दात, त्याला मी लेकराबाळांसमोर कोंबडी करून नाचवणार होते. हे मला जीपमध्ये बसल्यावर सुचावं, याला काय म्हणायचं!

पडद्यावर कोंबडी चालत आली. मग मागून एक पैलवान ओरडला, "आरं, हे तं आपले वस्ताद!" आणि जी खसखस पिकली म्हणता! सगळं थिएटर हसत होतं. अण्णा मात्र काठी गिळल्यासारखे ताठ बसून होते. सिनेमा सुटल्यावर एवढंच म्हणाले, "चला, जीप थांबलीया आपल्यासाठी."

वाटेत मी विचारलं, "अण्णा, राग आला का?"

"झोप आली."

त्यानंतर आमच्यात शब्द नाही. खाली मान घालून जेवायचे आणि तालमीत जायचे. आई म्हणाली, "बापाचं हसं केलंस माय तू."

त्याच आठवड्यात गावची जत्रा होती. दुपारी कुस्त्यांचा फड भरला. सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या, जिंकेल त्याला रेवड्या. मी बायकांत, लांब उभी होते. अण्णा फडात उतरले आणि बांधावर बसलेल्या परगावच्या पोरांनी गिल्ला केला, "कोंबडी वस्ताद! कोंबडी वस्ताद!" हलगी थांबली. अण्णांचे पठ्ठे उठले, पोरांना बदडायलाच. मला वाटलं, धरणीमाय पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात मातीत एका पोरानं दुसऱ्याला चीत केलं. दोघंही परगावचे, अण्णांच्या तालमीचं वारं न लागलेले. जिंकलेल्यानं हात वर केला, आणि एकदम आठवल्यासारखा खाली घेतला. पडलेल्याला उठवलं. त्याची पाठ झाडली. पुढच्या जोडीनंही तेच केलं.

अण्णांनी आधीच्या जोडीतल्या जिंकलेल्या पोराला धरलं. "कुणी शिकविलं रं तुला हे?"

"बेडकानं," पोरगं म्हणालं.

अण्णांनी हातातली फोक दातांत धरली. एक हात पाठीशी गेला. मान पुढं-मागं, पावलं उचलून उचलून त्यांनी फडाला आख्खा फेरा मारला, आणि मध्येच पायानं माती मागं उडवली! ती लकब तर माझी होती, माझी! लोक हसून हसून लोळायला लागले, हलगीवाल्यानं त्या चालीवर ठेका धरला, आणि मी मात्र पदर तोंडाला लावून रडत होते.

फेरा संपला. अण्णांनी माईक ओढून घेतला.

"चाल माझी हाय. पर मला आजूबाजूच्या चार गावांत बी ही रीत लावता आली न्हाई. माझ्या लेकीनं लावली." मग त्यांनी बायकांकडं मान वळवली आणि तालमीत ओरडतात तसे माझ्यावर ओरडले, "तिथं काय हुबी राहिलीस? चप्पल काढ अन् मातीत ये!"

फडात कधी बाईमाणूस उतरलेलं नव्हतं. मी चप्पल काढली.