कढईपाशी कुणीतरी हवं

"जावा! समदे जावा! उद्या तोंड दिसायचं न्हाई माझं!" बाजाबा ओरडत होता, आणि बाजाबा ओरडला की तुंगार्लीच्या तलावातले मासे तळ गाठायचे, घाटातलं इंजिन शिट्टी द्यायला लाजायचं. लोणावळ्याच्या बाजारातल्या चिक्कीच्या कारखान्यातून माणसं मुकाट बाहेर पडली. त्याच्या औंढे गावातल्या घरची ही रीत, तीच इथं आलेली... बाजाबा तापला की त्याला एकटा सोडायचा, थंड होऊ द्यायचा. मी, त्याचा जुना दोस्त, तेवढा बिडी ओढत बसून राहिलो. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तू न्हाई गेलास?" म्हटलं, "चहा पाजल्याबिगर हलतोय व्हय मी?" हसला लेकाचा, छपराचे पत्रे वाजतील असा.

गुळाचा पाक चढला की साक्षात देव दारात आला तरी बाजाबा कढईपासून उठत नसे. "नजर हटली का जळाला," म्हणायचा.

पुढं पुण्याच्या इस्पितळात त्याच्या मनाच्या आजारावर उपचार झाले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि त्याच्या थोरल्या भावाला, आबांना, बसवून सांगितलं, "आजार गोळ्यांनी आवरेल. पण स्वभाव झटक्याचा आहे. मरायचं बोलला तर खरं धरा. झटका ओसरेपर्यंत कुणीतरी जवळ बसा." आबा म्हणाले, "व्हय, सायेब."

व्हय, सायेब! ते 'व्हय' पुण्याच्या फलाटावरच राहिलं. गावात आल्यावर पुन्हा तेच, "त्याचा सुभावच तसा. बोलतो, करत न्हाई." स्वभाव म्हणे! स्वभाव म्हणजे काय दाराची कडी आहे, बाहेरून लावली की आपण मोकळे?

टाकव्याला भाचीच्या लग्नात मी पंगतीत होतो. सायकलवरून निरोप आला... बाजाबानं जीव दिला. भरदुपारी. तसाच ओरडला होता, आणि घरचे सगळे रीतीप्रमाणे उठून शेताकडं गेले होते. जाताना दारही ओढून घेतलेलं, त्याला शांत वाटावं म्हणून!

परवा कारखान्यात गेलो. कढईपाशी बाजाबाचा पाट तसाच आहे. त्यावर बसलेला नवा गडी पाणी प्यायला उठू लागला, तर शेंगदाणे भाजणारे आबाच खेकसले, "बस खाली! पाक चढलाय!" माझ्या डोक्यात जाळ झाला. अख्खा बाजार गोळा होईल असा ओरडलो, "गुळापाशी माणूस बसवता, आबा, आणि माणसापाशी कुणी न्हाई?"

आबा झारा हलवत राहिले. म्हणाले, "दर येळी थंड व्हायचा."