पाणावणारे कोरडे डोळे: लालबाग, गिरगाव, शिवाजी पार्क आणि परत

मी, रावजी सोनू मोहिते, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, निवृत्त गिरणी कामगार, राहणार लालबाग, आमच्या चाळीतील बुद्ध विहाराचा ग्रंथवाचक, जे घडले तेच लिहितो. माझी सून प्रवासाचा ब्लॉग चालवते. तिने या वेळी आपली जागा मला दिली आहे. प्रवास लालबागेतून निघून लालबागेतच संपला, म्हणून कोणी त्यास कमी लेखू नये. ज्यांचे डोळे दर आश्विनात लाल होऊन खाजतात, त्यांस तो उपयोगी पडेल.

निघण्याचे कारण प्रथम नमूद करतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासात, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचे वाचन होते. ते मी करतो. यंदा शेवटच्या आठवड्यात वाचताना माझ्या डोळ्यांतून सारखे पाणी येऊ लागले. अक्षरे पुसट झाली, मला थांबावे लागले. मी थांबलो की समोरच्या बायकाही पदर डोळ्यांना लावत. विहाराचे सचिव मला बाजूला घेऊन मायेने म्हणाले, "बाबा, तुम्हाला फार भरून येतं हो. पौर्णिमेचं समारोपाचं वाचन कदम मॅडमना देऊ या का? तुम्ही फक्त शेजारी बसा."

कदम मॅडम निवृत्त शिक्षिका आहेत, उत्तम वाचतात. परंतु शेजारी बसण्यासाठी मी तीन महिने वाचले नव्हते. "पौर्णिमेला मीच वाचीन," एवढेच मी म्हणालो आणि घरी येऊन डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती पौर्णिमेच्याच सकाळची मिळाली.

सोबत आमच्या सौ. सुलोचना होत्या. लालबागहून गिरगावास थेट बस मिळते. क्रमांक लिहीत नाही, कारण ते बदलतात. थांब्यावर विचारावे. बस वातानुकूलित होती, हवेचा झोत नेमका माझ्या तोंडावर येत होता, आणि भायखळ्यापर्यंत डोळ्यांत वाळू भरल्यासारखे झाले. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी झोताखालची जागा घेऊ नये. बाहेर रस्ते खणलेले, टॉवरांची कामे चाललेली. खिडकी उघडी असती तर धूळ मिळाली असती, एवढाच फरक.

फणसवाडीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दवाखाना आहे. जिन्याचा कठडा धरूनच चढावे. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या नातीएवढ्या. विहारातील वाचनाची अडचण मी त्यांना सांगितली. त्यांनी माझ्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली, काही मिनिटांनी काढून पाहिली आणि म्हणाल्या, "आजोबा, डोळे कोरडे आहेत तुमचे."

मी म्हणालो, "बाई, रोज रुमाल भिजतो माझा."

"म्हणूनच. डोळा कोरडा पडला की टोचतो, टोचला की पाणी सुटतं. पण ते टिकत नाही, वाहून जातं. शिवाय तुम्हाला ॲलर्जी आहे. दर वर्षी याच दिवसांत खाज येते ना? चोळता?"

मी चष्मा पुसू लागलो. सौ. म्हणाल्या, "चोळतात? कणीक मळतात, कणीक!"

"चोळणं बंद. खाज आली तर गार पाण्याची घडी ठेवा. बाहेरून आलात की तोंड धुवा. आणि वाचताना पापणी मिटता का?"

"एरवी वाचताना मी कुठेही थांबत नाही," मी अभिमानाने सांगितले.

"तेच चुकतंय. प्रत्येक वाक्य संपलं की डोळे पूर्ण मिटायचे, मग पुढचं वाक्य. अगरबत्ती लावता का तिथे?"

ती ग्रंथाशेजारीच, माझ्या हाताशी असते. ती लांब ठेवण्यास त्यांनी सांगितले. औषधाच्या दोन बाटल्या दिल्या. एक ॲलर्जीची, सकाळ-संध्याकाळ. दुसरी डोळे ओले ठेवण्याची, दिवसातून अनेकदा, आणि दोहोंमध्ये पाच मिनिटे तरी सोडायची. शेवटी म्हणाल्या, "आज लगेच बरं वाटेल असं समजू नका. दिवस लागतील."

माझ्याकडे संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता. हे त्यांना सांगितले नाही.

खाली उतरून थालीपीठ आणि पीयूष घेतले. गिरगावात जाणाऱ्याने पीयूष चुकवू नये. पोट शांत होते आणि दर परवडतो. तेथून दुसऱ्या बसने शिवाजी पार्कला गेलो. पौर्णिमेला चैत्यभूमीवर जाऊन वंदन करण्याचा आमचा नेम आहे. समुद्राचा वारा डोळ्यांना झोंबला, पण चष्मा होता. वंदन करून मैदानाच्या कट्ट्यावर आलो, तोच सौ.नी पिशवीतून बाटली काढली.

"डोकं मागं टाका."

"इथे? घरी गेल्यावर घालू."

"आत्ता घालायचंय. घर काय इथं चालत येणार आहे? टाका मागं."

लग्नाला पन्नासहून अधिक वर्षे झाली, परंतु रस्त्यात आम्ही एकमेकांचा हातही धरलेला नाही. मी डावी-उजवीकडे पाहून मान मागे टाकली. पहिला थेंब गालावर पडला. "हलू नका हो, लहान पोर बरं!" दुसरा आत गेला. गार वाटले.

पांढरे बूट घातलेले एक वृद्ध गृहस्थ चालता चालता थबकले. "वहिनी, माझ्याही डोळ्यांत घाला दोन थेंब. आमच्याकडे कोणी विचारत नाही."

"एकाची बाटली दुसऱ्याला चालत नाही, भाऊ," सौ. म्हणाल्या. हे खरे आहे, वाचकांनी पाळावे. मैदानाची लाल माती उडते तेव्हा तिकडे पाठ करून बसावे, हेही पाळावे. थेंबानंतर नेटमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या चेंडूची शिवण दिसली असे मी म्हणणार नाही. चेंडू मात्र दिसला.

संध्याकाळी विहार भरला होता. जय भीम झाले, वंदना झाली. मी ग्रंथासमोर बसलो आणि उघडण्यापूर्वी म्हणालो, "एक खुलासा करतो. आठवडाभर माझ्या डोळ्यांतून जे पाणी आले, ते गहिवरून आलेले नव्हते. मला डोळे कोरडे पडण्याचा विकार आहे. कोणाचा गैरसमज राहू नये."

मग पुढे बसलेल्या पार्वतीआक्का, ज्या माझ्याहूनही वडील आहेत, म्हणाल्या, "तुजा ऱ्हाव दे रावज्या तुज्याकडं. आमी आमचा रडतो. तू आपला वाच."

सगळे हसले. सचिवांनी स्वतः उठून अगरबत्ती खिडकीत नेऊन ठेवली. मी वाचू लागलो. तथागतांच्या अखेरच्या प्रवासाचा भाग होता. वाक्य संपले की डोळे मिटत होतो, उघडून पुढचे वाक्य घेत होतो. वाचन संथ झाले. पाने उलटत गेली आणि पुन्हा ओळी एकमेकींत मिसळू लागल्या. कदम मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला, त्या उठण्याच्या बेतात होत्या. त्यांचा दोष नाही, त्यांना मदतच करायची होती.

मी ओळीवर बोट ठेवले आणि भरल्या विहारात आवाज दिला, "अगं, बाटली आण."

सौ. बायकांमधून वाट काढत पुढे आल्या. "छताकडे बघा," त्या म्हणाल्या. मी पाहिले. समोरची निम्मी मंडळीही माझ्याबरोबर छताकडे पाहू लागली. "आता मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." त्यांचा हात माझ्या कपाळावर होता. मला लाज वाटेल असे वाटले होते, ती वाटली नाही.

"उघडा," त्या म्हणाल्या. बोटाखालची ओळ जागेवर होती. शेवटच्या शब्दापर्यंत मीच वाचले. पार्वतीआक्का रडल्या, आपले आपण.

खीर खाऊन घरी आलो. डोळे पूर्ण बरे झालेले नाहीत. पुढच्या आश्विनात खाज येणार, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले आहे. थेंब स्वतः घालून पाहिले. ते गालावर जातात, आणि आता मी फारसा प्रयत्नही करीत नाही. परगावच्या प्रवाशांनी हाच मार्ग एका दिवसात जरूर करावा. मात्र एकट्याने निघू नये.

वरील हकिकत घडली त्या वेळी समक्ष हजर असलेले: विहाराचे सचिव, कदम मॅडम, ज्यांनी मी पुन्हा वाचू लागताच चष्मा उतरवून पर्समध्ये ठेवला, पार्वतीआक्का, ज्यांना सही येत नाही, पण विचारल्यास सांगतील, आणि सौ. सुलोचना रावजी मोहिते, ज्या हजर होत्या म्हणून वाचन पूर्ण झाले.