लुगड्याआडचं ऊन

“बाई, तुमच्या अंगाला ऊन माहीतच नाही,” वर्ध्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. लघवीत साखर नव्हती. तरी नडगीवरची जखम तीन महिने ओलीच होती आणि कंबरेची हाडं ठणकत होती.

अंगात ‘व्हिटॅमिन डी’ कमी आहे, असं त्यांनी सांगितलं. उघड्या कातडीवर ऊन पडलं की अंगात तयार होणारं हे सत्त्व. म्हातारी कातडी ते कमी बनवते. “हाडांना ते हवंच. जखमेलाही मदत होईल असं वाटतं, खात्री देत नाही. पण तीन महिन्यांत जखम मिटली नाही, हाडापर्यंत गेली, तर नागपूरला पाठवीन. तिथे कदाचित पाय काढावा लागेल.”

मी बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी धाकटी जाऊ यमुना होती. मी तिच्या पायाकडे पाहत राहिले.

आम्हा दोघींना एकाच आठवड्यात लागलं होतं. मी लोखंडी पेटीवर आपटले, तिला ज्वारी कापताना इळा लागला. तिची जखम पंधरा दिवसांत मिटली. वयाने ती दोनच वर्षांनी लहान, पण उन्हाने रापलेली. आमच्या घरी मोठ्या सुनेने शेतात जायचं नसतं. चाळीस वर्षं मी चुलीपाशी काढली आणि माझ्या गोऱ्या पावलांचा मला गर्व होता.

आता माझ्या पायामुळे चूलही तिच्याकडे गेली. “यमुनेची भाकर मऊ होते,” असं हे जेवताना म्हणाले. ते मला जखमेपेक्षा जास्त लागलं.

सकाळी अंगणात बाजेवर बसायचं आणि जखमेवर ‘कॉड लिव्हर ऑइल’ म्हणजे माशाच्या काळजाच्या तेलाची पट्टी ठेवायची, असं औषध होतं. मी रोज बसले. पण अंगणातून गडीमाणसं येत-जात, म्हणून लुगडं घोट्यापर्यंत ओढून घेत असे. अंगावर ऊन पडतंय ना, मग झालं, असं मला वाटे.

महिन्याने डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम होती तेवढीच.

“हा पाय उन्हात होता?”

मी मान डोलावली.

“लुगड्यासकट?”

मी लुगडं घोट्यापर्यंत ओढून घेतलं.

“मग ऊन लुगड्यानं खाल्लं, बाई. तुम्ही उपाशीच राहिलात.”

यमुना पदर तोंडाला लावून हसली. तिचा असा राग आला की घरी पोचेपर्यंत मी तिच्याकडे पाठ करून बसले.

घरी आल्यावर तीच म्हणाली, “मोठ्या बाई, लाज वाटून राह्यली होती तं मले काऊन नाई सांगितलं?”

“तुले काय सांगू? तू तं माही चूल घेऊन बसली!”

आयुष्यात पहिल्यांदा मी असं बोलले. तिने चुलीकडे बोट केलं. मग म्हणाली, “घ्या ना वापस! धुरानं डोये गेले माहे. आन् सांगू का? उन्हात निंदता निंदता मी चाळीस वर्षं तुमच्या सावलीवर जळत होती.”

दुसऱ्या दिवशी तिने गोठ्यामागे पऱ्हाट्यांचा कूड उभा केला. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा तो आडोसा माणसाहून उंच होता. तिथे तिने आधी स्वतःचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. “बसा आता. आपण दोघीच हाव.”

मी पाय उघडा केला. सहा आठवड्यांनी खपली गळाली आणि खाली गुलाबी कातडी दिसली. डॉक्टर म्हणाले, “आता नागपूर नको.”

हे सगळं लिहितेय ती वही मी घरात कोणाला दाखवणार नाही. पण कधी एखादीच्या हाती लागली, तर तिला सांगते: लाज वाटली तर आडोसा करा, पण कातडी झाकू नका. आणि मदत मागा, जिचा हेवा वाटतो तिच्याकडेसुद्धा.

चूल मला परत मिळाली. भाकर अजून यमुनेचीच मऊ होते आणि ते मला अजून सोसत नाही. तरी रोज सकाळी आम्ही कुडाआड पाय पसरून बसतो. मी माझा पाय तिच्या पायाशी लावून पाहते.

परवा ती म्हणाली, “आता तुमचा पाय माह्यावानी दिसून राह्यला.”

ते ऐकून मला जे बरं वाटलं, ते आजवर माझ्या गोऱ्या पावलांचं कौतुक ऐकूनही वाटलं नव्हतं.