कात्रीचे काप

"नक्की?" एवढंच विचारायची ती. मान जराशी तिरकी, एक भुवई वर. पोरांनी बरोबर उत्तर दिलं तरी "नक्की?" आणि स्टाफरूममध्ये मी "आज गुरुवार" म्हटलं तरी "नक्की, सर?" तिच्या वर्गातली ऑस्ट्रेलियन पोरं महिनाभरात एकमेकांना "नक्की, मेट?" विचारायला लागली.

तसा मीही कमी संशयी नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या या शाळेत बारा वर्षं गणित शिकवतोय, पण मूळचा पुण्याचा. समोरचा चुकतोय हे धरूनच मी बोलायला सुरुवात करतो.

ती नाशिकची, गणिताचीच शिक्षिका, वर्षाच्या करारावर आलेली. व्हिसा शाळेच्या नोकरीवर टांगलेला. करार वाढला नाही तर गाशा गुंडाळायचा, आणि कोविडमुळे सीमा बंद असताना एकदा बाहेर पडलं की परत यायचं नाव नको. हे तिनेच मला सांगितलं होतं.

उजळणीच्या तासाला तिची कोडी असायची. कागदाचे त्रिकोणी तुकडे. एकाच्या कडेला गणित, दुसऱ्याच्या कडेला उत्तर. सगळं जुळलं की मोठा षटकोन तयार होतो. पूर्वी म्हणे चौघांत एक संच पुरायचा. आता एकमेकांच्या वस्तूंना हात लावायची चोरी, म्हणून प्रत्येकाला वेगळं पाकीट. सगळे संच ती घरी कात्रीने कापायची. अंगठ्याला कायम चिकटपट्टी.

मला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं पहिल्यापासून वाटत होतं. उजळणी म्हणजे फळ्यावर वीस गणितं! ही बया खेळ मांडून तास ढकलते, दुसरं काय?

"सरळ गणितं का देत नाही हो?" मी विचारलं.

"शेजाऱ्याचं बघून लिहितात, सर."

"दीड मीटरवरून?"

"डोळे फार चांगले आहेत त्यांचे."

एकदा मी मुद्दाम तिच्या वर्गाच्या दाराशी रेंगाळलो. मागच्या बाकावरची एक मुलगी गणितं वाचतच नव्हती. दोन तुकडे उजेडात धरून नुसते कात्रीचे काप जुळवत होती. सापडलं! मी एक उरलेलं पाकीट घरी नेलं. हाताने कापलेला कागद तो; एका तुकड्याच्या कडेचं वळण दुसऱ्याच्या कडेत बरोबर बसत होतं. दहा मिनिटांत सुबक षटकोन तयार, तोही एकही गणित न सोडवता. मी फोटो काढला.

तिचा करार वाढवायचा का, हे प्रिन्सिपल गणिताचा जुना शिक्षक म्हणून मला विचारणारच होते. त्यांनी विचारल्यावर मी तो फोटोच पुढे केला. "पोरं काप जुळवतात. गणित कुणीच करत नाही."

"फेअर इनफ, मेट," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ती मास्कआड हसत माझ्याकडे आली. "सर, गंमत सांगू? काही पोरं नुसते काप जुळवतात, मला ठाऊक होतं. म्हणून छापतानाच उत्तरं भलतीकडे टाकली. काप जुळवले की षटकोन झकास होतो, पण उत्तरं सगळी चूक. मागच्या बाकावरची ती पोरगी शेवटी मुकाट्याने सगळी गणितं सोडवत बसली!"

माझा षटकोन अजून जेवणाच्या टेबलावर तसाच होता. घरी जाऊन वाचला. पावणेदोनची दुप्पट, तिला चिकटून उणे सात. एकूण एक जोड चूक. तुम्हीच सांगा, बारा वर्षं गणित शिकवणाऱ्याने एकही कड वाचू नये? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सकाळी धावत प्रिन्सिपलकडे गेलो, चूक कबूल केली, आवाजही चढवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या जागी नव्या माणसाला नेमणुकीचं पत्र आदल्याच दिवशी गेलं होतं.

डिसेंबरात तिला विमानतळावर सोडायला मीच गेलो. आधी पर्थ, मग घरी. गाडीत ती एकेकाचं नाव तपासून बघत होती. "प्रिन्सिपलना कुणीतरी फोटो दाखवलाय, सर. त्या मुलीची आई? की ऑफिसमधलं कुणी? तुम्हाला कोण वाटतं?"

मी विमानतळाच्या फाट्याला गाडी वळवली.

बॅग उतरवून घेताना ती म्हणाली, "अख्ख्या शाळेत ज्यांच्यावर संशय घ्यावासा वाटला नाही, असे तुम्ही एकटेच."

आता सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पोचलात की कळवा."

पोचल्यावर तिने कळवलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.