लाल पेन्सिलची रेघ

फोन आला तेव्हा माझ्या खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसला होता. "मॅडम, अप्पा गेले," वाघमारे अप्पांची मुलगी म्हणाली. काम अर्ध्यावर सोडता येत नव्हतं. ते पूर्ण केलं, हात धुतले आणि मग आत जाऊन रडले. त्याला आता महिना झाला.

अप्पांची नांदेडला डेंटल लॅब होती. लॅब म्हणजे घराची पुढची खोली, एक टेबल आणि एक दिवा. मी अहमदपूरला नुकताच दवाखाना टाकला होता. दातांची मापं एसटीच्या पार्सलनं पाठवायची आणि अप्पा कॅप बनवून द्यायचे. एकदा एका गुरुजींच्या दाढेचा कोपरा भाकरीतल्या खड्यानं तुटला. पूर्ण दाढेवर कॅप बसवायची म्हणून मी ती चारी बाजूंनी घासली आणि माप पाठवलं. अप्पांचा फोन आला, "जय भीम मॅडम. चिठ्ठीत तर एकच कोपरा तुटला म्हणून लिवलंय. मग चारी भिंती कामून पाडल्या? ऑनलेनं भागलं असतं की."

ऑनले म्हणजे तुटलेल्या भागापुरतंच बनवून चिकटवायचं झाकण. बाकीचा चांगला दात जागेवर राहतो. हे मीही शिकले होते, पण हात कॅपला सरावलेला, त्यात डिग्रीचा ताठा. "अप्पा, तुम्ही कॅप बनवा. दात मी बघते," मी म्हणाले. कॅप त्यांनी चोख बनवली. मी मात्र रागानं पुढचं सगळं काम लातूरला पाठवायला लागले.

चार महिन्यांनी गुरुजी गाल धरून आले. घासलेल्या दाढेची नस मेली होती. "कोपराच तर गेल्ता मॅडम," एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या पेशंटचं माप मी दाताला हात लावायच्या आधीच घेतलं आणि नांदेडला पाठवलं. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. अप्पांनी त्या मापात प्लास्टर ओतून दाढ बनवली आणि परत धाडली. तुटक्या भागाभोवती लाल पेन्सिलची बारीक रेघ होती. फोनवर म्हणाले, "रेघेच्या भायेर हात लावू नका." पुढे नऊ वर्षं आमचं असंच चाललं. भांडणाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही माफी मागितली नाही. भेटल्यावर बोलू, म्हणत राहिले...

भेटायला गेले ते अप्पा नसताना. मुलगी म्हणाली, "तुमचं लई नाव काढायचे. आमच्या अहमदपूरच्या मॅडम कापायच्या आधी इचारतात म्हणायचे."

परवा एका बाईंच्या दाढेचं माप घेतलं. डबीवर नांदेडचा पत्ता लिहूनही झाला, तेव्हा लक्षात आलं. मग प्लास्टर मीच ओतलं, लाल पेन्सिल शोधली आणि रेघ ओढली. बराच वेळ बघत बसले. अप्पांनी एवढं कापू दिलं नसतं. रेघ खरवडून काढली आणि आणखी आत घेतली.